ध्येय क्रमांक चौदा

ग्रामपंचायतीच्या संगणकावर मी बसते,
दहा ते सहा. मानधन तीन-तीन महिन्यांनी.
जन्म, मृत्यू, घरपट्टी,
आणि आता भिंतीवरच्या तक्त्यातल्या
सतरा रंगीत चौकटी,
कुठल्याशा दूरच्या सभागृहात सगळ्या जगाने ठरवलेल्या,
दोन हजार तीसच्या आत
आमच्या खारेवाडीनेही भरायच्या.

चौदावी निळी. पाण्याखालील जीवन.
'लावलेली कांदळाची रोपे' समोर
मी टाइप केलं : चार हजार दोनशे.
रकाना हिरवा झाला.

त्याच दुपारी सत्यभामा खवणेकर दारात,
गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडलेला,
टोपलीत मूठभर शिंपल्या.
"गे बाय, त्या झाडांका दुसरी जागा गावली नाय तुमका?
थयसर आमच्यो तिसऱ्यो होत्यो."

सुकतीला उघडा पडणारा तो चिखल
नकाशात पडीक आहे.
पडीक, म्हणजे बावीस बायका
अमावास्या-पुनवेचं पाणी बघून उतरायच्या,
पायाच्या अंगठ्याने तिसरी ओळखायच्या,
भरती पाठीशी लागायच्या आत परतायच्या.
एका पोरीचं नर्सिंग झालंय त्या पडीकावर.

मग सभा. संस्थेच्या मैथिली रिसबूड आल्या,
पडद्यावर वादळ दाखवलं,
झाडं त्याला कशी अडवतात ते दाखवलं,
किती कोळसा-वायू मुळांत गाडला जातो तेही.
दाजी मयेकर उठला :
"दोन वर्सां माझ्या मळ्यात खारा पाणी.
भात करपलो. झाडां व्हयीच."
खोटं नव्हतं. त्याचा पंचनामा मीच टाइप केलेला.
"व्हयी तर तुझ्या मेरेर लाव," सत्यभामा म्हणाली.
मागच्या खुर्च्या हसल्या. सरपंचांनी पंखा वाढवला.

मैथिलीताई शांतपणे म्हणाल्या, हा शाश्वत विकास आहे.
"शाश्वत म्हणजे?"
"कायम टिकणारा."

आमच्याकडे हा शब्द नकारातच नांदतो.
वाऱ्याची शाश्वती नाही.
इंजिनाची नाही, बांगड्याच्या भावाची नाही,
जेटीच्या कंत्राटदाराची तर नाहीच.
कुणीतरी तो होकारात वापरला
आणि लोक जरा सावरून बसले,
घरात अनोळखी पाहुणा यावा तसे.

दुसऱ्या दिवशी सुकतीला
मैथिलीताई चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या.
पिंढरीपर्यंत रुतल्या.
सत्यभामेने त्यांचा पाय धरून योग्य जागी ठेवला,
"हय दाब."
काहीतरी कडक लागलं असावं.
बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

परतल्यावर मला म्हणाल्या,
आकडा कमी करता येत नाही, वर गेलाय.
शेऱ्यात लिही.
शेऱ्याला अक्षरं दीडशे.
मी बावीस बायका बसवल्या,
तर दाजीचं भात बाहेर राहिलं.
भात घेतलं, तर नर्सिंग गळलं.
स्वल्पविराम काढले. जागा उरेना.
शेवटी लिहिलं : जागेबाबत स्थानिक मतभेद.
ते वाचून मलाच लाज वाटली,
पण तोवर 'जतन झाले' असं आलं होतं.

पुनवेनंतरच्या एका सकाळी
दाजीच्या मेरेला रोपांच्या तीन ओळी दिसल्या.
प्रत्येक रोप काठीला बांधलेलं, नायलॉनच्या दोऱ्याने.
ती गाठ मी ओळखते,
जाळं विणणाऱ्या हातांशिवाय ती कुणाला पडत नाही.
चिखलात तेवढीच जागा मोकळी.
दाजी मेरेवर उकिडवा बसलेला,
कुणाला काही विचारत नव्हता.
मी नोंद उघडली. आकडा तोच, चार हजार दोनशे.
जागा बदलली होती.
जागेला रकाना नाही.

महिन्याने मैथिलीताईंचा फोन.
जगतील का गं ती?
खिडकीतून खाडी चढताना दिसत होती.
सांगता येत नाही, म्हटलं,
आणि घरपट्टीवाले बाहेर खोळंबले होते
म्हणून फोन ठेवला.